आजचा रोगी आणि उद्यांचा

दुसऱ्याच्या वतीनें त्याच्या हिताचा निर्णय घेणें कठीण, हें सर्वांस मान्य आहे. परंतु पंधरा वर्षांनंतरच्या आपल्या स्वतःच्या वतीनें निर्णय घेण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. हृदयाच्या झडपेवरील एका नव्या उपचारानें तो आज विचारावयास लाविलें आहे.

वार्धक्यांत महाधमनीच्या मुखाशीं असलेल्या झडपेंत चुना सांचून ती आखडते. छाती उघडून ती बदलणें, एवढाच खरा उपाय पूर्वीं होता. १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रूआं शहरीं डॉ. आलँ क्रिबिए यांनीं रक्तवाहिनींतून नळी नेऊन नवी झडप बसविली. रोगी ५७ वर्षांचा, मरणोन्मुख व शस्त्रक्रियेस अपात्र होता. कांहीं महिन्यांनीं तो वारला. पण वाट सांपडली. शस्त्रक्रिया अशक्य ठरलेल्या, सरासरी ८३ वर्षांच्या रोग्यांवरील चांचणीचे निष्कर्ष २०१० मध्यें प्रसिद्ध झाले. वर्षाच्या आंत रूढ उपचारांवरील ५०.७ टक्के रोगी दगावले, नवी झडप मिळालेल्यांपैकीं ३०.७ टक्के. येथें नीतीचा पेंच नव्हता. बुडत्याला दोर टाकतांना तो किती वर्षें टिकेल, हें कोणी पाहत नाहीं.

पुढें रोगीच बदलला. २०१९ मध्यें, शस्त्रक्रियेचा धोका अल्प असलेल्या सरासरी ७३ वर्षांच्या रोग्यांतही पहिल्या वर्षीं हा उपचार सरस ठरला, आणि अमेरिकेनें त्यास परवानगी दिली. पांच वर्षांनीं मात्र दोन्ही पक्षांतील अंतर ठळक उरलें नाहीं.

प्राण्याच्या हृदयावरणापासून केलेली ही झडप कालांतरानें झिजते. ८३ वर्षांच्या माणसाचें आयुष्य बहुधा तिच्याआधीं सरतें. ६५ वर्षांच्या माणसाची झडपच आधीं सरण्याचा संभव अधिक. तेव्हां जुनीच्या आंत दुसरी बसविणें सर्वांच्याच बाबतींत साधत नाहीं, आणि जुनी काढावयाची तर उतारवयांत छाती उघडावी लागते. शस्त्रक्रियेनें बसविलेली जैविक झडपही झिजते, हें खरें. परंतु तेथें मोठा घाव देहांत बळ असतांना सोसलेला असतो.

कोणी म्हणेल, आयुष्य ज्याचें, निवड त्याची. मीही रोग्याची निवड हिरावून घ्या असें म्हणत नाहीं. उद्यांची शाश्वती कोणास आहे? थोड्याच दिवसांत घरीं परतणें हें लहान सुख नव्हे. पण संमतिपत्रावर सही करतो तो धडधाकट मनुष्य. किंमत मोजावयाची ती ऐंशी वर्षांच्या दुर्बळ वृद्धानें, आणि त्याचें म्हणणें मांडावयास त्या वेळीं तेथें कोणीच नसतें. तें काम वैद्यानें केलें पाहिजे. “सोपें कोणतें?” या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं, ही झडप निकामी झाल्यावर पुढें काय करतां येईल, हें त्यानें रोग्यास आणि त्याच्या घरच्यांस स्पष्ट सांगावें. तें ऐकूनही रोग्यानें नळीचाच मार्ग पत्करला, तर त्या संमतीस दोष देतां येणार नाहीं.