तेरची बाहुली लातूरला कधी येणार?

२०२३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘ट्री अँड सर्पंट’ नावाचे प्रदर्शन उघडले. भारतातली आरंभीची बौद्ध कला हा त्याचा विषय. त्यात कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला आणि एरवी तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात असणारा ब्राँझचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, होता. नेपल्सहून आणलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्तीही होती. ही मूर्ती १९३८ मध्ये पॉम्पेईत सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेने ते शहर गाडले, त्याच्या आधीच ती भारतातून तिथे पोचली होती. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर, पण कोपरापर्यंत बांगड्या, कंबरेला मेखला, पायांत थरांवर थर वाळे.

तिची धाकटी बहीण शोभेल अशी हस्तिदंती बाहुली लातूरहून तास-दीड तासावर, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आहे. वीतभरही नाही. तीही दागिन्यांनी मढलेली आणि तशीच समोर रोखून पाहणारी. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही याच घडणीचा हस्तिदंती नमुना मिळाला. त्यामुळे ‘लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाणारी पॉम्पेईची ती मूर्ती मराठवाड्यातल्या कारागिरांच्या हातची असावी, असे काही अभ्यासकांना वाटत आले आहे. ते सिद्ध होवो न होवो, तेरचा रोमशी व्यापार होता याबद्दल वाद नाही. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत तेर ‘तगर’ म्हणून येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे गाव, इथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत घालून भडोचच्या बंदराकडे जाई.

आता प्रश्न असा. पोसायडन कोल्हापूरहून न्यूयॉर्कला जाऊ शकतो, पॉम्पेईची मूर्ती नेपल्सहून समुद्र ओलांडू शकते, मग तेरची बाहुली मे महिन्यात महिनाभरासाठी लातूरला किंवा नांदेडला का येऊ शकत नाही?

यावरचे पहिले उत्तर तयारच असते: आपल्याकडे बघायला येणार कोण? या उत्तराचा मला राग येतो, कारण ते खोटे आहे. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये दुपारी बाराच्या सुमारास जाऊन उभे राहावे. अंगणातल्या त्या प्रसिद्ध घड्याळासमोर माणसे मांडी घालून बसलेली असतात. आतला लोहार सेकंदासेकंदाला हातोडा मारत असतो. तास भरत आला की दाढीवाला बुटका दारातून बाहेर येतो, टोले देतो आणि आत निघून जातो. बाराचे टोले सर्वांत जास्त, म्हणून गर्दीही बाराचीच. त्या गर्दीत उन्हाळ्याच्या सुट्टीत मराठी हमखास कानावर पडते. देगलूर, मुखेड, उदगीर, निलंगा इथल्या कुटुंबांची हैदराबादची सहल ठरलेली: चारमिनार, गोवळकोंडा, प्राणिसंग्रहालय आणि सालारजंग. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना होईपर्यंत हैदराबाद हीच आपली राजधानी होती. राज्य गेले तरी लोकांची पायवाट राहिली. नांदेडच्या माणसाला हैदराबाद जवळ आहे आणि मुंबई आजही लांब.

ही माणसे तिथे संगमरवरी ‘व्हेल्ड रिबेका’पुढे थांबतात. शिल्पकार बेंझोनीने दगडातून कोरलेला तो झिरझिरीत पदर पाहून आया मुलींना जवळ ओढून दाखवतात. पहिल्या सालारजंगाने ती १८७६ मध्ये इटलीत विकत घेतली हे त्यांना माहीत नसते, आणि त्याने त्यांचे काही बिघडत नाही. पण हेच लोक तेरला जातात ते गोरोबाकाकांच्या दर्शनाला. संग्रहालयाचे दार दिसत असूनही बहुतेक जण परत फिरतात. बघण्याची हौस आहे, जवळचे बघण्याचे निमित्त नाही. हे निमित्त प्रदर्शन देते. कायमचे संग्रहालय ‘कधीतरी जाऊ’ म्हणून राहून जाते. एकतीस मेला उठणारे प्रदर्शन माणसाला घराबाहेर काढते.

तेरचा संग्रह मुळात सरकारने उभा केलेला नाही. रामलिंगप्पा लामतुरे या गावच्याच माणसाने शेताबांधात, पांढरीत मिळणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या: मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी. त्यांच्याच नावाने आज तिथे शासकीय संग्रहालय आहे. मराठवाड्यातली राज्याची इतर काही संग्रहालयेही अशीच पैठणला, माहूरला, म्हणजे वस्तू जिथे सापडल्या किंवा देव जिथे आहे तिथे. यात तत्त्व चांगले आहे: वस्तू आपल्या मातीत राहावी. मीही त्याच बाजूचा आहे. मुंबईने सगळे गोळा करून न्यावे असे कोण म्हणेल? पण वस्तू मातीत राहावी म्हणजे तिने गावाबाहेर पाऊलच टाकू नये, असा त्याचा अर्थ आपण करून ठेवला.

काही वस्तूंना तर हलवताच येणार नाही. कंधारजवळ मानसपुरीला राष्ट्रकूट काळातल्या क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे आहेत. नुसत्या पावलाशेजारी उभे राहिले तरी आपण किती लहान आहोत ते कळते. डोळे आपोआप वर जातात आणि वर काहीच नसते, फक्त ऊन. ही मूर्ती अखंड असताना किती उंच असेल याचे पूर्ण आकाराचे रेखाचित्र नांदेडच्या एखाद्या सभागृहाच्या भिंतीवर चढवून पाहा. बहुधा छत पुरणार नाही, ते जमिनीवर पसरावे लागेल. मग त्या रेखाचित्रातल्या पावलावर उभे राहिलेले पोरगे पुढच्या रविवारी बापाला कंधारला घेऊन जाईल. होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरच्या सुरसुंदरी, खरोशाची लेणी यांचेही असेच. शहरातल्या प्रदर्शनाने मूळ जागेची गर्दी पळवायची नसते, तिकडे पाठवायची असते.

वस्तू दाखवायची कशी, हे शिकायला नांदेडकरांना न्यूयॉर्कला जायला नको. सचखंड गुरुद्वाऱ्यात संध्याकाळी शस्त्रदर्शन होते. एकेक शस्त्र हाती धरून, त्याची ओळख सांगून संगतीला दाखवले जाते. तो भक्तीचा विषय आहे, त्याला मी संग्रहालय म्हणण्याचा उद्धटपणा करणार नाही. पण एका वेळी एक वस्तू, ती हातात घेतलेला माणूस आणि तिची हकिकत एवढ्यावर शेकडो लोक उभे राहून ऐकतात, हे आपल्या डोळ्यांसमोर रोज घडते. याउलट आपल्या संग्रहालयांतल्या पाट्या पाहा. ‘स्त्रीमूर्ती, हस्तिदंत, इ. स. १ ले शतक’ एवढ्या मजकुरात एक चूक नाही आणि एक शब्द उपयोगाचा नाही. हत्ती कुठला, कोरणारा कोण, ही बाहुली आरशाची मूठ होती की एखाद्या चौरंगाचा पाय, तिच्यासारखीच एक इटलीत कशी निघाली, यातले काही त्या पाटीवर नसते.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. हस्तिदंताला कोरडी हवा आणि तापमानाची चढउतार सोसत नाही, त्याला चिरा जातात. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या लातुरात, वीज कधी जाईल याची खात्री नसताना, अशी वस्तू आणणे जोखमीचे आहे. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याने आधी पाण्याचे बघावे की बाहुलीचे, असेही कोणी विचारील. विचारू दे. त्याच शहरात हजारो मुले वातानुकूलित अभ्यासिकांमध्ये दिवसाचे बारा तास बसतात, त्यांच्यासाठी जनरेटर, इन्व्हर्टर सगळे असते. हवाबंद, आर्द्रता राखणारी एक काचपेटी आणि एक थंड खोली ही लातूरला न झेपणारी चैन नव्हे. तेही नको असेल तर उत्तम प्रतिकृती ठेवा आणि ती प्रतिकृती आहे असे ठळक लिहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस २०१५ पासून शाळांच्या, गावांच्या दारात उभी राहते आहे. बसमध्ये जमते ते सभागृहात का जमू नये?

लातूरच्या त्या मुलांचा विचार जास्त करायला हवा. अलीकडे ‘नीट’ मेच्या पहिल्या रविवारी होते. परीक्षा दिलेली मुले घरी जातात, रिपीटर आणि बारावीच्या बॅचची नवी मुले येतात. राज्यभरातून मुलांना आणून दोन-दोन वर्षे ठेवून घेणाऱ्या या शहरात त्यांनी पाहिलेले काय असते? खोली, मेस, क्लास आणि टेस्टचा निकाल. प्राचीन ‘लत्तलूर’शी राष्ट्रकूट आपले नाते सांगत, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? एखाद्या शनिवारी संध्याकाळी तासभर त्यांनी पॉम्पेईच्या फोटोशेजारी तेरची बाहुली पाहिली तर रँक घसरणार नाही. पालकांना तसे वाटेल, पण पालकांना पुष्कळ गोष्टी वाटतात.

खर्चाचे फार अवघड नाही. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून याहून निरुपयोगी कमानी उभ्या राहिल्या आहेत. परवानगी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची, जागा एखाद्या महाविद्यालयाची, माहिती सांगायला इतिहासाचे विद्यार्थी. अडेल ते वेळेपाशी. आपली संग्रहालये साधारण सकाळी दहानंतर उघडतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला मिटतात. मे महिन्यात मराठवाड्यातला शहाणा माणूस नेमका त्याच वेळात घराबाहेर पडत नाही. इथले उन्हाळी प्रदर्शन सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते दहा चालले पाहिजे, आणि सोमवारी बंद ठेवण्याऐवजी दुपारी बंद ठेवले पाहिजे. त्यासाठी कर्मचाऱ्यांच्या दोन पाळ्या लागतील, रात्रीचा पहारा लागेल, आणि नियमात तशी तरतूद नाही असे एक पत्र येईल. ते पत्र आले की त्याला उत्तर कोणी द्यायचे, हे मात्र उद्घाटकाचे नाव ठरवण्याआधी ठरवून ठेवलेले बरे.