बियाण्याची देवघेव आणि काल्याचा न्याय

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, गावातल्या मंडळींनी आपापल्या घरचे बियाणे देवळात आणावे, एकमेकांस द्यावे, एकमेकांकडून न्यावे, अशी चाल आमच्या भागातील काही गावांनी अलीकडे पाडली आहे. ओवरीत घोंगडी अंथरतात. तिच्यावर गाडगी, डबे, पुरचुंड्या मांडतात. कुणाची गावरान काकडी, कुणाचा वाल, कुणाची आढ्याला टांगून ठेवलेली ज्वारीची कणसे. कीर्तन संपले, प्रसाद झाला की मंडळी तिकडे वळतात. वरवर पाहता यात विचार करण्यासारखे ते काय? बी दिले, बी घेतले, झाले. पण मागील खेपेस एका गावी याच देवघेवीत वाद झाला. तो वाद आमच्या मते केवळ शेतकीचा नाही, परमार्थाचाही आहे. म्हणून तो वाचकांपुढे ठेवतो.

वाद असा. एका वृद्ध माळकऱ्यांनी घरची पाच वाणे आणली होती. त्यांच्यापुढे एक गृहस्थ आले, रिकाम्या हातांनी, आणि चार पुरचुंड्या उपरण्यात बांधून निघाले. बाबा म्हणाले, "अहो, देवघेव म्हणता ना हिला? मग यात देव कुठं हाय? मला तर नुसती घेवच दिसतीया." शेजारचे टाळकरी म्हणाले, "बाबा, आत्ता काला घेतलात. त्यातल्या लाह्या कुणाच्या घरच्या, हे इचारलंत का?" त्यावर एक तरुण बोलला, "तसं असंल तर पुढल्या साली मीबी हात हलवीतच येतो की!" मंडळी हसली. बाबा हसले नाहीत, आणि ते हसले नाहीत हेच बरे झाले. कारण त्या तरुणाच्या थट्टेत खरी अडचण आहे. सगळेच हात हलवीत आले तर घोंगडीवर काय उरेल?

प्रथम टाळकऱ्यांचा मुद्दा घेऊ. काला हे आपल्या संप्रदायाचे मोठे वर्म आहे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, देवाने त्या एकत्र कालविल्या आणि सर्वांच्या मुखी घातल्या. कुणाची भाकर शिळी, कुणाचे दही ताजे, हा हिशोब तिथे बुडाला. आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरी सगळ्या पालख्या जमतात त्या या काल्यासाठीच. तेव्हा देवळातल्या देण्याघेण्याला काल्याचा न्याय लावावा, हे टाळकऱ्यांचे म्हणणे योग्यच. पण एका ठिकाणी हा न्याय तसाच्या तसा लागत नाही. काल्यात पदार्थ एकमेकांत मिसळतात, आणि बियांचा काला झाला तर सगळेच बिघडते.

हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. ज्वारी, गहू, हरभरा ही पिके बहुतेक आपल्याच परागावर दाणा धरतात. त्यांचे वाण सांभाळणे त्यामानाने सोपे. बाजरी आणि मका यांचा पराग वारा नेतो. भोपळा, दोडका, काकडी यांचा मधमाशा नेतात, तुरीवरही त्या येतात. शेजारच्या वावरात त्याच पिकाचे दुसरे वाण फुलावर असले, तर आपल्या वेलावर धरलेले बी आपले राहत नाही. यंदाचे फळ पाहून ते कळतही नाही. पुढल्या वर्षी ते बी लावावे. वेल डौलदार चढतो, दुधी देखणा लागतो, आणि चिरून जिभेला लावावा तर कडू जहर. असा कडू दुधी पोटात गेला तर माणूस आजारी पडतो. म्हणून ज्याने बी आणले त्याने त्याचे नाव सांगावे, ते कुठल्या रानात धरले ते सांगावे, जवळपास दुसरे वाण होते काय तेही सांगावे. आणि दोन वाणे एका डब्यात कधी घालू नयेत. माणसे एकत्र यावीत, बियाणे वेगळे राहावे. काल्याचा न्याय देणाऱ्या-घेणाऱ्यांना लावायचा, दाण्यांना नव्हे.

आता बाबांचा मुद्दा. रिकाम्या हाताने येणारा कोण असतो, हे आधी पाहावे. आम्ही अशा काही लोकांशी बोललो. एकाची गेल्या साली दुबार पेरणी झाली आणि तीही वाया गेली; घरात दाणा उरला तो लेकरांनी खाल्ला. बी खायची पाळी ज्यावर आली त्याला "तुझे बी आण, मग माझे ने" म्हणणे म्हणजे विहीर आटलेल्याला "पाणी आण, मग पाणी देतो" म्हणण्यासारखे आहे. दुसरे एक कुटुंब भूमिहीन. परसात भिंतीला लागून एक वेल लावावा एवढीच त्यांची शेती. तिसरा चांगला पंधरा एकरांचा धनी, पण दर साल दुकानातून पिशवी आणतो, त्यामुळे घरचे असे बी त्याच्याकडे राहिलेच नाही. हातपाय असून तो बियाण्यापुरता दरिद्री झाला आहे. या तिघांपैकी कुणाला परत पाठवावे? आम्हाला तर एकालाही पाठवता येत नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठाराची दारे उघडली तेव्हा येणाऱ्याने पाठीवर काही आणले आहे का, हे पाहिले नव्हते. त्या धान्याचा भरणा पुढे देवाने बेदरला जाऊन केला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. ऐकताना डोळे पुसावेत आणि ओवरीत बसून माप धरावे, हे जुळत नाही.

पण म्हणून नुसते घेऊन जाणाऱ्यावर काहीच बांधिलकी नाही काय? इथे बाबा बरोबर आहेत असे आमचे मत आहे, फक्त त्यांनी ती बांधिलकी चुकीच्या दिवशी मागितली. बी हे काही लाह्यांसारखे खाऊन संपवण्याचे नाही. मूठभर बी नेणारा जर ते भाजून खाईल, किंवा पेरून सगळे पीक बाजारात घालील, तर ते बी त्याच्या घरी येऊन मेले. त्याने त्यातले निवडक मागे ठेवावे आणि पुढल्या साली घोंगडीवर आणावे. ज्याच्याकडून नेले त्यालाच द्यावे असे नाही. नव्या कुणाला दिले तरी फिटले. ऋण मागे फेडायचे नसून पुढे चालवायचे आहे. आपण वारी तरी काय करतो? बापाने दिली, ती बापाला परत देत नाही, लेकाच्या हाती देतो.

इथे एक जाणता वाचक आम्हाला अडवील. काही ठिकाणी बियाण्याच्या बँका निघाल्या आहेत. तिथे एक शेर नेले तर सुगीला दोन शेर आणून घालायचे असा नियम असतो. मग ही जुनी वाढीदिढीच नव्हे काय? सावकार दिढीने देत होता, हे तर दुपटीने देतात! प्रश्न बिनतोड आहे. वाढीदिढीने किती घरे बसली हे आमच्या आधीच्या पिढीने पाहिले आहे. आमचे उत्तर असे की, माप किती यावरून पाप-पुण्य ठरत नाही, वाढलेले माप कुठे जाते यावरून ठरते. सावकाराच्या पेवात गेलेली दिढी तिथेच राहत असे आणि पुढल्या साली आणखी एका कुळाच्या गळ्यात पडत असे. बियाण्याच्या बँकेतला दुसरा शेर पुढल्या माणसाला पेरायला जातो. तरीही एक कसोटी राहतेच, आणि ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते: पीक बुडाले तर काय? बुडालेल्या माणसाच्या नावावर दोन शेर बाकी दाखवून पुढल्या साली चार मागणार असाल, तर पाटीवर 'बँक' लिहा की 'देवस्थान' लिहा, ती वाढीदिढीच आहे. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. इ. स. १६३० च्या सुमारच्या त्या भयंकर दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ज्या गावाला बियाण्याची वही ठेवायची असेल त्याने ती जरूर ठेवावी, कोणते वाण कोणाकडे आहे हे कळायला तिचा उपयोग आहे. पण त्या वहीत 'येणे' असा रकाना नसावा.

दुसरी एक गोष्ट बोलली पाहिजे. ती कुणी बोलत नाही. फुकट दिलेल्या बियाण्याच्या खरेपणाची जबाबदारी कोणाची? "धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे" अशी म्हण आपल्याकडे आहे, आणि काही मंडळी ओवरीत तिच्या आडून किडके, तीन वर्षांचे जुने बी आणून ठेवतात. वर पुण्यही पदरात पाडून घेतात. हे आम्हाला अगदी नापसंत आहे. शिळी भाकर दिली तर घेणारा एक वेळ उपाशी राहील. न उगवणारे बी दिले तर त्याची नांगरट गेली, पाऊस गेला, मृगाची वाफ गेली आणि वर्ष गेले. दुकानदाराविरुद्ध पावती घेऊन तक्रार तरी करता येते. देवळात दिलेल्या बियाण्याची पावती नसते. तिथे साक्षी एकटा पांडुरंग. म्हणून देणाऱ्यानेच आधी दात मोजून आणावेत. ते कठीण नाही. शंभर दाणे मोजावेत, ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळावेत, सावलीत ठेवावेत, पाणी शिंपडीत राहावे. ज्वारी-बाजरी चार-पाच दिवसांत मोड दाखवते. शंभरात पंचाहत्तरांच्या वर आले तर खुशाल द्यावे. पन्नास आले तर तसे सांगून द्यावे, घेणारा दाट पेरील. वीस आले तर ते कोंबड्यांना घालावे आणि त्या वर्षी रिकाम्या हाताने ओवरीत यावे. त्यात काही लाज नाही.

संकरित वाणांविषयी आम्हाला नेहमी विचारतात. त्यांना शिव्या देणे आम्हाला पटत नाही. १९६४ साली संकरित ज्वारीचे पहिले वाण आले, पुढे इतर पिकांत आली, आणि उतारा वाढला हे खोटे नाही. गरिबाच्या ताटात त्यामुळे भाकरी आली असेल तर तिला नावे ठेवणारे आपण कोण? मात्र हायब्रीडच्या पिकातून धरलेले बी पुढल्या साली आईबापांसारखे निघत नाही. एक ताट उंच, एक बुटके, कणीस नाना तऱ्हेचे. त्यामुळे ते देवघेवीत आणण्याजोगे नाही, इतकेच. काहींना कायद्याचीही धास्ती वाटते. केंद्र सरकारच्या २००१ सालच्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याप्रमाणे शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे छाप मारून विकता येत नाही. ओवरीतल्या पुरचुंडीवर कुणी छाप मारीत नाही.

"हा सगळा प्रपंच देवळात कशाला?" असेही एक बुवा म्हणाले. सावता महाराजांना पांडुरंग अरणच्या मळ्यात भेटला, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

या देवघेवीत आम्हाला खटकलेली एक बाब मात्र आहे. बी सांभाळतात बायका. उतरंडीतल्या कोणत्या मडक्यात राखेत घातलेला वाल आहे, कोणत्या गाडग्यात चवळी, हे घरधन्याला विचारा, तो कारभारणीला हाक मारील. माहेरून सासरी लुगड्याच्या पदरात बी आणणारी तीच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणे घरोघर हिंडून जमविली, जपली, वाटली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असे असताना ओवरीत पुढे बसून वाटणारे पुरुष, आणि बायका मागे खांबाशी पदर सावरून उभ्या, हे चित्र आम्ही दोन गावी पाहिले. घेणाऱ्याने विचारले, "हे कधी लावायचं? पाणी किती?" तर पुढचे गृहस्थ मागे वळून पाहतात! ज्याला सांगता येते त्याने द्यावे. संतांच्या मेळ्यात मुक्ताई, जनाई, बहिणाई मागे खांबाशी उभ्या नव्हत्या.

राहता राहिला दिवसाचा प्रश्न. आषाढीच्या वारीत बियाणे वाटावे अशी एक सूचना आली आहे. ती आम्हाला सोयीची वाटत नाही. पाऊस वेळेवर झाला तर वारकरी चाड्यावर मूठ धरून, पेरणी उरकूनच दिंडीत येतो, त्या वेळी हाती आलेले बी वर्षभर पडून राहील. खरिपाच्या बियाण्यास फाल्गुन वद्य द्वितीया बरी. तुकाराम बिजेतली 'बीज' म्हणजे द्वितीया, बी नव्हे, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी तो दिवस बियांना शोभतो, आणि घेणाऱ्यास मृगापर्यंत उगवण पाहून घ्यायला सवड मिळते. ज्यांना बीज साधत नाही त्यांनी अक्षय्य तृतीया धरावी. परसातल्या वेलांची आळी त्या दिवशी करण्याची रीत आहेच. रब्बीची ज्वारी, हरभरा, करडई यांच्यासाठी गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस, म्हणजे गोपाळकाल्याचाच. येताना प्रत्येकाने कोऱ्या कागदाच्या पुड्या आणि एक पेन्सिल आणावी, कारण मागील खेपेस नावे न लिहिल्यामुळे दोन घरांचे वाल एकमेकांत गेले आणि ते अजून कुणाला वेगळे करता आलेले नाहीत.