थांबलेली माणसे

माणूस संकटात दिसला म्हणजे धावून जावे, ही शिकवण आपल्याला कोणी मुद्दाम बसवून दिलेली नसते. ती अंगात मुरलेली असते. धावला तो माणुसकीचा आणि थांबला तो भित्रा, असा सरळ हिशेब आपण मनाशी धरून चालतो. मीही चालत होतो. काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी, कोकणातल्या एका घाटात, तो हिशेब चुकला.

आमची एस. टी. घाट चढत होती. एका वळणापलीकडे टँकर गटारात कलंडलेला दिसला. त्याचे तोंड चढाकडे, पाठ आमच्याकडे. पाठीकडून पांढरे धुके निघून रस्त्यावर पसरत होते आणि केबिनमध्ये अडकलेला ड्रायव्हर हिंदीतून हाका मारीत होता. आमच्यातला एक तरुण उडी टाकून धावला. पंचवीस-तीस पावलांवरून तो डोळे झाकून, खोकत, ठेचाळत परत आला. त्यानंतर कोणी गेले नाही. टँकरच्या पाटीवर इंग्रजी अक्षरे होती आणि १००५ हा आकडा. मी मोठ्याने वाचले : अमोनिया. सगळ्यांनी माझ्याकडे मोठ्या अपेक्षेने पाहिले. मास्तरांना वाचता आले, आता ते पुढचेही सांगतील! परंतु माझी विद्या त्या पाटीपाशीच संपली होती. आम्ही डोळे पुशीत, थोडे थोडे मागे सरत उभे राहिलो. हाका ऐकू येत होत्या.

औद्योगिक वसाहतीतला बंब यायला तासाहून अधिक वेळ लागला. पाठीवर हवेची नळकांडी आणि तोंडावर मुखवटे चढवून माणसे पुढे गेली. त्यांनी धुक्यावर पाण्याचे बारीक तुषार धरले. ते पाहून वाडीतला एक म्हातारा भरलेली घागर घेऊन सरसावला, तेव्हा बंबावरच्या अधिकाऱ्याने त्याला थोपवले. पुढे सारे आटोपल्यावर त्याने आम्हाला समजावून सांगितले. टाकीत हा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. बाहेर पडताच त्याचे आकारमान शेकडो पटींनी वाढते. एरवी तो हवेपेक्षा हलका. पण असा थंडगार सुटला म्हणजे धुके होऊन उताराने सरपटत जातो. त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते, म्हणून तो माणसाच्या ओल्या जागा गाठतो : डोळे, घसा, फुप्फुसे. हवेतल्या धुक्यावर तुषार मारले तर पाणी त्याला शोषून घेते. तेच पाणी खाली साचलेल्या द्रवावर ओतले तर तो उकळून दुप्पट वेगाने उठतो. म्हाताऱ्याची घागर भूतदयेने भरलेली होती, यात मला तिळमात्र शंका नाही.

जाता जाता तो अधिकारी म्हणाला, "थांबलात ते बरे केलेत. पण थांबलात कुठे? वारा वरून खाली येतोय आणि तुम्ही सगळे खाली!"

म्हणजे आमचे थांबणेही धावण्याइतकेच आंधळे होते. आम्ही थांबलो ते भीतीने, आणि त्याला मनातल्या मनात शहाणपण हे नाव दिले.

सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत हळदीची पेवे असत. पेव उघडले की माणूस लगेच आत उतरत नसे. आत कोंडलेला वायू निघून जाऊ द्यायचा, मग दोरीने कंदील खाली सोडायचा. तो विझला तर आणखी थांबायचे. त्या थांबण्याला कोणी भ्याडपणा म्हटल्याचे मी ऐकले नाही, कारण तो माणूस पुढे उतरणारच असे. त्याचे थांबणे हा उतरण्याच्याच कामाचा एक भाग होता. आमच्या हाती कंदील नव्हता, आणि उतरायचे आहे असेही कोणाच्या मनात राहिले नव्हते.

कंदील द्यायचा कोणी? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत त्याची एक साखळी आखली आहे. माल पाठवणाऱ्याने वाहतूकदाराला मालाचा धोका सांगावा, वाहतूकदाराने ड्रायव्हरला. टाकीवर पाटी असावी. ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यावी. नियम चांगले आहेत. मात्र त्या साखळीत ज्याच्या दारावरून टाकी जाते तो वाडीतला म्हातारा कुठेच नाही. सर्वांत आधी पोहोचणार तर तोच.

अर्थात कळले म्हणजे माणूस थांबतोच, असेही नाही. २५ जून २०१७ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर शर्किया येथे महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला. आसपासचे लोक बादल्या, डबे घेऊन आले. पोलिसांनी हटकूनही हटले नाहीत. मग भडका उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. पेट्रोल पेटते हे त्यांना ठाऊक नव्हते काय? लोभाने मेले, असे दूर बसून म्हणणे सोपे आहे. मला तो शब्द उच्चारवत नाही. ज्याच्या अंगणावरून रोज दुसऱ्याचे धन धावत जाते आणि एकदाच ते त्याच्यापुढे सांडते, त्याला 'थांब' म्हणण्याचा अधिकार आधी मिळवावा लागतो. तो ऐन वेळी गणवेशातून मिळत नाही.

हे सारे मी लिहितो आहे खरा. पण त्या सकाळच्या बाबतीत एक गोष्ट मला टाळता येत नाही. ड्रायव्हरला बाहेर काढले तेव्हा त्याचा हात हलत होता. त्याला गाडीत घालून नेले, रस्ता धुतला, आमची एस. टी. सुटली, आणि घाटमाथ्यावर आम्ही चहा प्यायलो. कोणत्या दवाखान्यात नेले, हे अधिकाऱ्याने आपणहून सांगितले होते. तिथे धुके नव्हते, वाऱ्याची दिशा पाहायची नव्हती. परतताना त्या गावात माझी गाडी अर्धा तास थांबली होती. मी खाली उतरलो नाही.