कोणत्या मंदिरासमोर?

लोणारच्या पाण्याची एक वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, फुलस्केप, पुठ्ठ्याचे कोपरे वाळवीने खाल्लेले. महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या एका सरांनी ती मला दिली. विभागातले कपाट रिकामे झाले तेव्हा बाकीच्या वह्या रद्दीत गेल्या. ही त्या दिवशी त्यांच्या पिशवीत होती म्हणून वाचली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सहा रकाने आहेत : तारीख, वेळ, ठिकाण, तापमान, पीएच, शेरा. अक्षर सुवाच्य. दर महिन्याला कोणीतरी विवराचा उतार उतरून, बाटल्या भरून, पुन्हा तो चढून वर आले आहे, हे पाने उलटताना जाणवत राहते. पण 'ठिकाण' या रकान्यात बहुतेक जागी एकच शब्द आहे : मंदिरासमोर.

लोणार ज्यांनी पाहिले आहे त्यांना अडचण लगेच कळेल. सरोवराच्या काठाने देवळेच देवळे आहेत. गोड्या पाण्याची धार जिकडून उतरते तिकडचे पाणी आणि समोरच्या काठाचे खारे पाणी एकसारखे असणार नाही. मग हे मंदिर कमळजादेवीचे की दुसरे कुठले? पीएच दहाच्या वर लिहिला आहे. पण त्या दिवशी यंत्र कोणत्या द्रावणावर जुळवून घेतले होते? नमुना काठावरच उचलला की गुडघाभर पाण्यात जाऊन? मोजणी तिथेच झाली की दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत? वहीत यातले काहीच नाही. आकडे शाबूत आहेत, त्यांचा अर्थ गळून गेला आहे.

विद्यापीठातला संशोधन डेटा सांभाळायचा आणि वाटून घ्यायचा म्हटले की चर्चा सर्व्हर, पोर्टल, पासवर्ड यांकडे वळते. मला आधी हा रकाना आठवतो. 'डेटा'ला 'विदा' असा शब्द मराठीत केला गेला, तो प्रयोगशाळेत रुळला नाही. तिथे सगळे डेटाच म्हणतात. मला त्याहून जवळचा वाटतो तो 'नोंद' हा शब्द, कारण नोंद कशी ठेवायची हे आपल्या गावागावाला ठाऊक आहे. तलाठ्याच्या दफ्तरात जमिनीचा एक गुंठाही नोंदीवाचून हलत नाही. वारसा लागला, खरेदी झाली, बोजा चढला की फेरफार पडतो. त्याला क्रमांक असतो, तारीख असते, कोणी हरकत घेतली असेल तर तीही कळते. जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत, त्याला कंस करतात. शेताच्या बांधासाठी आपण इतकी काळजी घेतो. अख्ख्या जगाने ज्याच्याकडे डोळे लावले आहेत त्या सरोवराच्या पाण्यासाठी मात्र घेत नाही.

डोळे लावले आहेत ही अतिशयोक्ती नाही. बसाल्टच्या कातळात अशनीच्या आघाताने झालेले आणि इतके टिकून राहिलेले विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची दखल घेतली. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ला टूश यांचा लोणारच्या भूरचनेवरचा आणि तिथल्या क्षारांवरचा अहवाल १९१२ सालचा. हा खड्डा ज्वालामुखीचा की अशनीचा, हा वाद पुढे कितीतरी वर्षे चालला. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या निबंधाने विवरात खणून काढलेल्या खडकांच्या आधारे आघाताची बाजू भक्कम केली. चंद्रावरची विवरे समजून घेण्यासाठी लोणारचे महत्त्व तेव्हापासून वाढतच गेले.

विवराच्या वयाची गोष्ट तर डेटा वाटून घेण्याचा वस्तुपाठच आहे. १९९७ साली आघातातून बनलेल्या काचेवर उष्मादीप्तीची पद्धत वापरून वय निघाले सुमारे ५२ हजार वर्षे. कितीतरी पुस्तकांत तोच आकडा छापला गेला. २०११ मध्ये आघाताने वितळलेल्या खडकावर आर्गॉन पद्धतीने मोजणी झाली आणि वय निघाले ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार इकडेतिकडे. फरक दहापटीहून जास्त. हा वाद कोणाच्या पदाने किंवा आवाजाने चालवायचा नसतो. कोणता नमुना, कोणती पद्धत, किती चूक धरली, हे दोन्ही बाजूंनी मांडलेले आहे म्हणूनच तिसऱ्या माणसाला त्यात हात घालता येतो. नुसता '५२ हजार' एवढाच आकडा कोणी ठेवून गेला असता, तर आज आपल्यापुढे दोन श्रद्धा असत्या आणि त्यांतली एक निवडायची असती.

सरोवराच्या तळाच्या गाळाचेही तसेच. २००८ मध्ये भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तिथून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यातून गेल्या ११ हजार वर्षांच्या पावसाचा माग लागला. सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि पुन्हा २००० ते ६०० वर्षांपूर्वी, असे दोन दीर्घ कोरडे काळ त्यांना दिसले. वऱ्हाडाच्या दुष्काळाचा इतका लांबचा पुरावा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात एका पाण्याखाली थरांनी साचलेला आहे. एक थर म्हणजे एक पान, आणि निसर्गाने ठिकाणाचा रकाना रिकामा सोडलेला नाही.

आणि आपण? जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, वन विभागाने नमुने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. खारटपणा वाढला की फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला, असे निष्पन्न झाले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला. लोणारमधल्या लोकांचा प्रश्न मात्र साधा होता : असे पूर्वी झाले होते का, आणि पाणी पूर्वीपेक्षा किती बदलले? याचे उत्तर द्यायला वीस-तीस वर्षांच्या सलग, एका जागच्या, एका रीतीने घेतलेल्या नोंदी लागतात. तुकडे आहेत : दोन वर्षे एका प्रबंधात, तीन वर्षे दुसऱ्यात, काही अमरावतीच्या विद्यापीठात, काही छत्रपती संभाजीनगरच्या. जोडायला गेलो की प्रत्येक तुकड्यात एक 'मंदिरासमोर' निघते.

याच सरोवरातल्या एका जिवाणूचे नशीब बघा. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या संशोधकांनी लोणारच्या पाण्यातून एक नवी जात वेगळी केली. तिच्या नावात संस्थाही आहे आणि गावही : सीसेंबिया लोणारेन्सिस. नव्या जिवाणूचे नाव ग्राह्य धरायचे तर त्याचे जिवंत संवर्धन दोन वेगवेगळ्या देशांतल्या, सर्वांना खुल्या असलेल्या दोन संग्रहांत ठेवावे लागते, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जनुकांचा क्रमही सार्वजनिक कोशात टाकल्यावाचून चांगली नियतकालिके निबंध छापत नाहीत. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या त्या जिवाला दोन देशांत पक्की घरे आहेत, आणि तो ज्या पाण्यात जगत होता त्या पाण्याच्या मासिक नोंदी लोखंडी कपाटातून रद्दीवाल्याच्या तराजूत गेल्या. जिवाणूवाले अधिक सज्जन होते असे काही नाही. त्यांच्या क्षेत्राने अट घातली होती, आपण घातली नाही.

प्रबंध आहेत की, असे कोणी म्हणेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले आणि 'शोधगंगा'वर आज देशभरातले लाखो प्रबंध वाचता येतात. ही मोठी कमाई आहे, तिला उणे लेखायचे नाही. पण प्रबंध म्हणजे शिजलेले अन्न. त्यातून धान्य परत मिळत नाही. तक्त्यात सरासरी असते, बारा महिन्यांचा एक आलेख असतो. ज्या बहात्तर बाटल्यांतून तो आलेख आला त्यांचे आकडे संशोधकाच्या लॅपटॉपमध्ये राहतात. लॅपटॉप बदलतो, नोकरी लागते, लग्न होते, गाव बदलते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी काही जीवशास्त्रज्ञांनी ५१६ जुन्या शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहिला होता. निबंधाचे वय एका वर्षाने वाढले की डेटा शाबूत सापडण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी घटते, असा त्यांचा हिशोब निघाला. कोणाचा ईमेल बंद पडलेला, कोणाची माहिती वाचायला यंत्रच उरले नाही अशा तबकडीत. त्यात लबाडी नव्हती, नुसते आयुष्य पुढे गेले होते.

'माझा डेटा मी दिला आणि दुसऱ्याने त्यावर निबंध छापला तर?' हा प्रश्न मी किती तरी विद्यार्थ्यांकडून ऐकला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्याचा नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवत, एसटीने सरोवर गाठून, स्वतःच्या पगारातून रसायने आणून ज्याने नोंदी केल्या, त्याला मोठ्या संस्थेची भीती वाटणारच. तिच्याकडे यंत्रे आहेत, इंग्रजी आहे, वेळ आहे. पण उपाय लपवण्यात नाही, नावावर करण्यात आहे. डेटा विद्यापीठाकडे जमा झाला, त्याला कायमचा क्रमांक मिळाला, जमा करणाऱ्याचे नाव आणि तारीख लागली, की तो फेरफारासारखा पक्का होतो. दोन-तीन वर्षे तो बंद ठेवायची मुभाही देता येते. चोरी सोपी असते ती बेनामी मालाची. शिवाय पदोन्नतीच्या गुणांमध्ये शोधनिबंधाला जागा आहे, पुस्तकाला आहे, पेटंटला आहे, नीट लावून ठेवलेल्या डेटासंचाला नाही. ती जागा केल्याशिवाय नुसते आवाहन करण्यात अर्थ नाही.

सगळेच उघड करा, असेही माझे म्हणणे नाही. ते मला शेगाव तालुक्याने शिकवले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. अठराएक गावांतले पावणेतीनशेहून अधिक लोक. भाग खारपाणपट्ट्याचा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, रक्ताचे, केसांचे, पाण्याचे नमुने गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःच्या पुढाकाराने तपासण्या करून घेतल्या आणि रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. हे चूक की बरोबर हे ठरवायचे तर दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात, आणि महिने उलटले तरी गावकरी सरकारी अहवालाची वाटच पाहत होते. ज्यांनी हात पुढे करून रक्त दिले, त्यांना आपल्या रक्तात काय सापडले हे कळण्याचा पहिला हक्क आहे. हे मी ठामपणे म्हणतो.

पण त्याच गावांत दुसरेही घडले. 'टक्कल व्हायरस' असे नाव पडले आणि सोयरिकी अडल्या. गावाचे नाव सांगितले की पाहुणे बिचकू लागले. अशा वेळी रुग्णांची यादी, वय, गल्ली यांसह संकेतस्थळावर टाकणे म्हणजे जखमेवर मीठ. विहिरीच्या पाण्याचे आणि गव्हाच्या पोत्याचे आकडे सर्वांसमोर हवेत. माणसाचे आकडे त्याला स्वतःला हवेत, आणि इतरांना नाव पुसून, परवानगीने. हा फरक ऐनवेळी घाईत करता येत नाही. नमुना घेण्याच्या दिवशीच संमतीपत्रात तो मराठीत लिहिलेला असावा लागतो. सांभाळणे आणि वाटणे ही दोन कामे वेगळी नाहीत. ज्याने नीट सांभाळले नाही त्याला एक तर सगळे लपवावे लागते किंवा सगळे उघडे पडते.

संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत पाच जिल्हे आहेत आणि बुलढाणा त्यांतला एक. लोणारचा, खारपाणाचा डेटा एखाद्या संस्थेने आपला मानायचा तर तो या विद्यापीठाने, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला सोबत घेऊन. पैशाचा प्रश्न मोठा नाही. लोणारच्या पाण्यावर वऱ्हाडात आजवर भरलेल्या सगळ्या वह्या टंकून काढल्या तरी त्या एका पेनड्राइव्हमध्ये मावतील. लागतो तो माणूस. ग्रंथालयात बसणारा, नोंदणीच्या वेळीच विद्यार्थ्याला 'तुझे रकाने दाखव' म्हणणारा, ठिकाणाच्या जागी अक्षांश-रेखांश मागणारा, प्रबंधाबरोबर मूळ आकड्यांची फाइल आल्याशिवाय ना-हरकत न देणारा. केंद्र सरकारने सार्वजनिक पैशातून झालेला डेटा खुला करण्याचे धोरण २०१२ मध्येच केले. तालुक्याच्या प्रयोगशाळेतल्या कपाटापर्यंत ते चालत जाणार नाही, त्यासाठी अशा माणसाची खुर्चीच लागेल.

गेल्या हिवाळ्यात मी त्या सरांना घेऊन लोणारला गेलो. वही बरोबर होती. पाणी वाढलेले होते, काठची वाट पूर्वीसारखी मोकळी नव्हती. सर बराच वेळ काठी टेकून उभे राहिले, मग पाण्याकडे बोट करून म्हणाले, "कमळजेच्या पायऱ्यांपासून डावीकडं वीसेक पावलं. तिथं गाळात पाय रुतत नव्हता, म्हणून तीच जागा धरली होती." जागा आता पाण्यात होती. यंत्र जुळवण्याचे द्रावण कोणते हे त्यांना आठवले नाही. तिथेच एका दगडावर बसून आम्ही पहिल्या पानावरच्या 'मंदिरासमोर'ला कंस केला, वर नवे ठिकाण लिहिले, त्या दिवसाची तारीख घातली आणि सरांनी सही केली.