वजनाचा भाव

दिवाळीआधीचा पंधरवडा आला, की घरोघरचे माळे रिकामे होऊ लागतात. मोडकी खुर्ची, गळका बंब, बिनकानाची कढई असा ऐवज ओट्यावर येऊन बसतो, आणि गल्लीत भंगारवाल्याची आरोळी घुमली, की गृहिणीला हायसे वाटते. आमच्या घरी मात्र त्या दिवसांत गंगा उलटी वाहते. जग जे बाहेर टाकते ते मी आत आणतो. सौभाग्यवतींनी यावर पुष्कळ बोलून पाहिले. आता त्या माझ्याकडे नुसत्या बघतात, आणि ते बोलण्याहून जड जाते.

मला जुन्या शेगड्यांचा नाद आहे. शेगडा म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे शेगडी येते त्यांच्यासाठी सांगतो: फिटरच्या किंवा लोहाराच्या बाकावर पक्का बसवलेला, हातातले काम घट्ट धरून ठेवणारा दोन जबड्यांचा लोखंडी पंजा म्हणजे शेगडा. कारखान्यातले लोक त्याला ‘वाइस’ म्हणतात. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, त्यात कादंबऱ्या लिहिणारा. माझा लोखंडाशी काय संबंध, असे लोक विचारतात. मला एवढेच सांगता येते, की शेगडा हा कारागिराचा तिसरा हात आहे आणि तो उरलेल्या दोन हातांना मोकळे करतो.

जुना शेगडा ओळखण्यातही एक गोडी आहे. लोहाराच्या शेगड्याला लांब पाय असतो. तो जमिनीला टेकतो आणि घणाचा मार त्या पायावाटे मातीत उतरतो. हा घडीव लोखंडाचा, म्हणून मार सोसतो. बाकावरचा शेगडा बहुधा ओतीव बिडाचा. तो घट्ट धरील, पण त्याच्यावर घण घातलात तर तडकेल. त्याच्या कुशीवर ओतकामातच उठवलेली अक्षरे असतात. शेफील्डला ‘रेकॉर्ड’ शेगडे तयार होत. त्यांतल्या ३ नंबरचा जबडा ४ इंची. यॉर्कशायरमधल्या शिपली गावच्या ‘पार्किन्सन’ शेगड्याची दांडी दाबली, की आतली अर्धी चाकी मळसूत्रापासून सुटते आणि जबडा पाहिजे तितका सरकन पुढेमागे होतो. रंगाचे चार थर, वंगणाचा काळा राप आणि गंज यांच्याखालून असे एखादे अक्षर वर आले, की मला पत्रिकेतला हरवलेला ग्रह सापडल्यासारखे होते. मग रॉकेलमध्ये भिजवणे, तारेच्या ब्रशाने घासणे, चौकोनी आट्यांतली घाण काडीने काढणे, जबड्यांवरच्या झिजलेल्या पोलादी पट्ट्या बदलणे, यात माझे रविवार जातात.

असो. मला सांगायचे आहे ते नादाबद्दल नव्हे, त्या नादाने माझ्या हातून काय झाले त्याबद्दल.

गेल्या वर्षी नवरात्रानंतर पुलगावच्या बाजूच्या एका खेड्यात गेलो होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेजारी एक वृद्ध बाई राहते. तिचा नवरा गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर तिथल्या सामानाच्या लिलावात त्याने एक शेगडा घेतला आणि घरच्या पडवीत बाक मांडून मरेपर्यंत पंचक्रोशीचे पंप दुरुस्त केले. आता बाक वाळवीने खाल्ला होता आणि शेगडा कोपऱ्यात पडला होता. म्हातारी म्हणाली, “गुरुजी, उद्या भंगारवाला येते. तुमाले पायजे असन तर तुमीच न्या. भाव तोच.”

मी वाकून पाहिले. बोटाने राप खरवडला. ‘रेकॉर्ड’ची पहिली दोन अक्षरे दिसली आणि मी बोट मागे घेतले. काटा आला. सोळा किलो भरले. किलोला तीसप्रमाणे चारशे ऐंशी रुपये झाले. मी पाचशेची नोट दिली आणि वरचे वीस राहू द्या म्हटले, म्हणजे औदार्यही पदरात पाडून घेतले! तोच शेगडा माझ्यासारख्या दुसऱ्या एखाद्या वेड्याला दाखवला असता, तर त्याने चार हजार आनंदाने मोजले असते. हे मला ठाऊक होते. तिला नव्हते. निदान मी तसे धरून चाललो होतो.

वाचकहो, मी खोटे एक अक्षर बोललो नाही. मग रात्री झोप का येईना?

हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने तो आपल्या मुलासाठी लिहिलेल्या ग्रंथात घातला आहे. रोड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक सचोटीचा व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बॅबिलोनच्या डायोजेनीसचे म्हणणे असे, की न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसाने माणसाचे हित पाहायचे असते, तेव्हा सांगितलेच पाहिजे. सिसेरोने अखेर कौल दिला तो शिष्याच्या बाजूने. तिथे जाणता विकणारा होता, इथे घेणारा. पण तागडी तीच.

तागडी म्हटली, की आपल्याला शांतिपर्वातला तुलाधार आठवतो. जटेत पाखरांनी घरटे केले तरी हलला नाही असा तपस्वी जाजली धर्म शिकायला गेला तो काशीच्या एका दुकानदाराकडे. आपली तागडी सर्व भूतांना सारखी आहे, एवढीच त्या दुकानदाराची साधना. माझा काटाही खोटा नव्हता. सोळा किलो म्हणजे सोळाच किलो. पण त्या काट्याने लोखंड तोलले. त्या लोखंडात काय होते ते तोललेच नाही. काटा खरा असूनही तोल खोटा असू शकतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळावे!

मी माझी वकिलीही केली. म्हटले, ओळखण्याची ही विद्या मी वर्षानुवर्षे रविवार घालवून मिळवली, तिचे मोल मला मिळायला नको काय? शिवाय भंगारवाल्याकडे गेला असता तर तो भट्टीतच गेला असता. दोन्ही मुद्दे खरे होते. पण पहिल्याने माझी मजुरी सिद्ध होते, सगळा नफा नव्हे. आणि बुडत्याला काढले म्हणून त्याच्या खिशातले पाकीट आपले होत नाही.

शेगडा घासता घासता त्याच्या कुशीवर ठोकून उमटवलेली दोन अक्षरे सापडली. ती त्या फिटरच्या नावाची होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी साडेतीन हजार रुपये घेऊन पुलगावची बस धरली.

म्हातारीने सगळे ऐकून घेतले. पैसे दोनदा मोजले, कनवटीला लावले, आणि म्हणाली, “मले तवाच समजलं होतं, गुरुजी.”

“ते कसे?”

“गिऱ्हाईक मालाले नावं ठेवते. गंज हाय म्हणते, जुना हाय म्हणते. तुमी कायी बोल्लेच नाई. चूप बसला मानूस, तवा समजून जावं का माल चांगला हाय.”

“मग दिलात कशाला?”

“भंगारवाला त्याले वितळवते. तुमी त्याच्यावर काम करसान, असं वाटलं मले. करता ना?”

मी गप्प राहिलो. त्या घरात माझे हे दुसरे मौन. शेगडा माझ्या खोलीत फळीवर, इतर पाच शेगड्यांच्या रांगेत, तेल लावून ठेवला होता. त्याच्या जबड्यात त्या दिवसापर्यंत एक खिळाही धरला गेला नव्हता.

आमच्या वर्ध्याला हत्यारे जपून ठेवणे नवीन नाही. गांधीजींच्या हस्ते ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे मांडलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. मागून येणाऱ्यांना ते कुठून कळणार? पण याच वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली होती, आणि मुलाने हाताच्या कामातून शिकावे हा विचार तिथून देशभर गेला. मी त्या जिल्ह्यातला मास्तर. माझ्याकडे सहा शेगडे, आणि माझ्या शाळेत एकही नव्हता!

तो शेगडा आता शाळेच्या मागच्या खोलीत सागवानी बाकावर बसवला आहे. मुले त्यात पत्रा धरतात, कानस चालवतात, कधी हातोडीचा घावही चुकवतात. नव्या रंगाचे टवके उडाले आहेत. फिटरची अक्षरे तेवढी मी रंगवली नव्हती, ती दिसतात.

माझी फेड झाली काय? पैशांची झाली. पण म्हातारीने पहिल्या दिवशी माझे मौन ओळखले आणि तरीही मला माल दिला. त्या क्षणी तिने मला जे दिले त्याला कोणत्या काट्यावर घालू? ते फिटत नाही, आणि न फिटलेलेच बरे असे मला वाटू लागले आहे. आता जुने लोखंड दिसले, की मी काट्याआधी बोलतो: “मावशी, हे भंगार नव्हे हं.” सौदे पुष्कळ हुकतात. परवा एक भंगारवाला हसून म्हणाला, “मास्तर, अशानं तुमचा संग्रह काही वाढायचा नाही.”

सौभाग्यवतींना मी हे सांगितले. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. पण या खेपेस ते तितकेसे जड गेले नाही.