तोटा कुणाच्या शब्दावर मानायचा?

साखर कारखान्यात पगारवाढीची बोलणी सुरू झाली की व्यवस्थापनाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते: कारखाना तोट्यात आहे. धाराशिव जिल्ह्यात ते सरसकट खोटेही म्हणता येत नाही. ढोकीचा तेरणा कारखाना अनेक हंगाम बंद राहिला, पुढे भाडेतत्त्वावर गेला. तिथला तोटा साऱ्या पंचक्रोशीने भोगला. पण तोट्याचे कारण देऊन पगारवाढ नाकारणाऱ्याने तो दाखवायला नको का? माझ्या मते हे कर्तव्य त्या वाक्यातूनच जन्मते. ऐपत नाही असे म्हणू नका, मग वह्याही उघडू नका.

सहकारात तर गोपनीयतेची सबब फारच लंगडी. वार्षिक सभेआधी सभासदांना छापील अहवाल मिळतो, त्यात ताळेबंद असतो. शेअर बापाच्या नावावर आणि मुलगा बॉयलरवर, अशी घरे कारखान्याच्या परिसरात नवलाची नाहीत. बापाने जे वाचावे, ते मुलाच्या संघटनेने मागितले की गुपित कसे होते?

अर्थात, अहवाल हाती पडून भागत नाही. मळी स्वतःच्याच आसवनीला कोणत्या दराने दिली? गोदामातल्या साखरेचे मूल्य काय धरले? तोडणी-वाहतुकीची उचल मुकादमांकडे किती बुडाली? तोटा फुगतो किंवा आटतो तो इथे, आणि या नोंदींचा खुलासा ताळेबंदाच्या एका ओळीतून होत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1956 मध्ये ट्रुइट कंपनीच्या खटल्यात हेच धरले: पगारवाढ परवडत नाही असे सांगणाऱ्या मालकाने पुरावा मागितल्यावर तो नाकारला, तर ते सद्भावनेने बोलणी न करण्याचे लक्षण ठरू शकते. आपल्या 1965 च्या बोनस कायद्यातही याचे बीज होते. ताळेबंदातल्या एखाद्या नोंदीचा खुलासा संघटनेने मागितला, तर न्यायाधिकरण तो द्यायला लावू शकत असे. पण तंटा तिथवर पोहोचल्यावर, आणि तोही बोनसपुरता. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने मान्यताप्राप्त संघटनेशी सद्भावनेने वाटाघाटी न करणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली; सद्भावनेत आकडे येतात की नाही, हे मात्र सांगितले नाही.

साखर कामगारांचा वेतन करार राज्य पातळीवर त्रिपक्षीय समितीत होतो. आधीच्या कराराची मुदत मार्च 2024 मध्ये संपली आणि 10 टक्के वाढीवर एकमत व्हायला 2025 चा जुलै उजाडला. सगळ्या राज्यासाठी एकच टक्का ठरतो, पण तो अमलात आणायची वेळ येते तेव्हा जो तो कारखाना आपल्या तोट्याकडे बोट दाखवतो. म्हणून हिशेब मागायची खरी जागा कारखान्याचे गेट.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. इथल्या संघटनाही गटातटांच्या असतात. आज दिलेला आकडा उद्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत सभेच्या मंचावरून वाजेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1981 च्या शिफारशीत यावर तोड आहे: ज्या माहितीने उद्योगाचे नुकसान होईल, ती गुप्त राखण्याच्या हमीवर द्यावी. दोन्ही बाजूंना मान्य असलेला एखादा लेखापरीक्षक वह्या पाहून मळी, साठा आणि उचल या तीन बाबींवर लेखी उत्तर देऊ शकतो. त्याचा खर्च व्यवस्थापनाने सोसावा; तोट्याचा दावा त्याचा आहे.