पाठ टेकण्याचा अर्थ

कुस्तीच्या फडात ज्याच्या पाठीला माती लागते, तो हरतो. पराभवाचे इतके निःसंदिग्ध चिन्ह अन्य खेळांत क्वचितच आढळेल. ‘चीतपट करणे’, ‘अस्मान दाखवणे’ हे वाक्प्रचार आखाड्याबाहेर पडून राजकारणात आणि वाङ्मयीन वादांतही सुखाने वावरतात, ते या चिन्हाच्या स्पष्टतेमुळेच. परंतु हा अर्थ पाठीत नाही, मातीतही नाही. तो कुस्ती नावाच्या व्यवस्थेत आहे. चिन्हाचे मूल्य त्याच्या व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपल्या समीक्षेत आता पुरेसे रुळले आहे. प्रश्न पुढचा आहे: दोन भिन्न व्यवस्थांत वाढलेली दोन शरीरे एकाच चौकटीत समोरासमोर आली, तर न्याय कोणत्या व्यवस्थेने करावा? आणि तेथे ‘न्याय्य लढत’ या शब्दाला काही अर्थ उरतो काय?

२६ जून १९७६ रोजी टोकियोच्या बुडोकान सभागृहात मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अंतोनिओ इनोकी यांची पंधरा फेऱ्यांची लढत झाली. लढतीच्या बहुतांश काळात इनोकी जमिनीवर पाठ टेकून पडून राहिला आणि तेथून अलीच्या पायांवर लाथा मारीत राहिला. अली त्याला उठून उभे राहण्यासाठी डिवचत होता, कारण पडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर प्रहार करायचा नसतो, हे मुष्टियुद्धाचे व्याकरण त्याच्या अंगात मुरलेले होते. इनोकीच्या दृष्टीने जमीन ही पराभवाची जागा नव्हतीच. अखेरीस लढत बरोबरीत सुटली. प्रेक्षक संतापले, हा सारा प्रकार हास्यास्पद ठरवला गेला. अलीच्या पायांची मात्र अशी अवस्था झाली की, त्याला रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. माझ्या मते ती लढत हास्यास्पद नव्हती. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची भाषा बोलण्यास तयार नव्हता, आणि प्रत्येकाचा नकार त्याच्या बाजूने पूर्णतः विवेकी होता. पंधरा फेऱ्यांत जे दिसले ते अनुवादाचे अपयश होते. (लोककथेच्या संहितेला कादंबरीच्या निकषांपुढे ‘उठून उभे राहा’ असे सांगणारे आपले काही समीक्षक मला या लढतीतील अलीची आठवण करून देतात, अलीजवळ निदान विनोदबुद्धी होती.)

रोलाँ बार्थने १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये कुस्तीवर लिहिताना मुष्टियुद्ध आणि रंजनात्मक कुस्ती यांत भेद केला आहे. पहिल्यात निकालाकडे जाणारी एक कथा असते. दुसरीत प्रत्येक क्षण स्वतःपुरता वाचनीय असतो. हा भेद मार्मिक आहे. परंतु बार्थच्या डोळ्यांपुढे नाटकी कुस्ती होती, म्हणून तेथे दुःखही अभिनीतच असते. कुस्ती खरी असेल आणि प्रहारही खरा असेल, तर वाचन कसे करायचे, याचे उत्तर त्याच्याकडे मिळत नाही.

ते उत्तर शोधण्याची प्रयोगशाळा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये उभी राहिली. पहिल्या ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’मध्ये मुष्टियोद्धे, कराटेपटू, मल्ल असे भिन्न परंपरांतले आठ जण जाळीने वेढलेल्या अष्टकोनी रिंगणात उतरले, आणि त्या मानाने सडसडीत दिसणाऱ्या ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तीन प्रतिस्पर्ध्यांना शरण आणले. प्रहारकाला प्रहारासाठी अंतर लागते. ग्रेसी बिलगून ते अंतरच नाहीसे करी. डिसेंबर १९९४ मधील डॅन सेव्हर्नशी झालेली त्याची लढत तर मराठी वाचकाने आवर्जून समजून घ्यावी अशी आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या कुस्तीत मुरलेला, ग्रेसीहून कितीतरी वजनदार असा सेव्हर्न पंधरा मिनिटांहून अधिक काळ बहुतांशी त्याच्यावर स्वार होता. कोल्हापूरच्या खासबागेत ही कुस्ती केव्हाच संपली असती, फेटेही उडाले असते. पण ग्रेसी पाठीवर पडल्या पडल्याच लढत होता. त्याने पायांचा त्रिकोण करून सेव्हर्नची मान आवळली आणि वर असलेल्या मल्लाने हार मानली. पाठ टेकणे हे ब्राझीलियन जुजुत्सूमध्ये एक आसन आहे, तेथून वाक्य सुरू होते. आमच्याकडे तेथे पूर्णविराम पडतो.

यावरून मल्ल प्रहारकापेक्षा श्रेष्ठ, असा निष्कर्ष त्या काळी सर्रास काढला गेला. तो घाईचा होता. त्या रिंगणाच्या रचनेत ग्रेसी कुटुंबातील रोरियन याचाच पुढाकार होता, ही बाब सोडली तरी रिंगणातला काळ तटस्थ नव्हता. अमर्याद वेळ ही मल्लाची संपत्ती आहे. तो वाट पाहू शकतो. सेव्हर्नची लढत दूरचित्रवाणीच्या नियोजित वेळेपलीकडे लांबली आणि १९९५ मध्ये कालमर्यादा आली. पुढे पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या रूढ झाल्या. प्रत्येक फेरी उभ्याने सुरू होते, म्हणजे मल्लाने कमावलेली जमीन घंटेसरशी त्याच्याकडून काढून घेतली जाते. दरम्यान प्रहारकही शिकले. जुलै १९९७ मध्ये किकबॉक्सर मॉरिस स्मिथने मार्क कोलमन या बलाढ्य मल्लाला खालून तग धरून थकवले आणि पंचांच्या निर्णयाने हरवले. उलट, ऑगस्ट २०१० मध्ये मुष्टियुद्धातील माजी विश्वविजेता जेम्स टोनी हा रँडी कूटूरपुढे पहिली फेरीही पूर्ण करू शकला नाही. आणि २०१७ मध्ये मुष्टियुद्धाच्या नियमांखाली मेवेदरने मॅकग्रेगरला दहाव्या फेरीत थांबवले. ज्याचे व्याकरण, त्याचा विजय, असे म्हणण्याचा मोह होतो.

येथे सापेक्षतावादी समीक्षक समाधानाने थांबेल. मला थांबता येत नाही, कारण या दोन रीतींत एक नैतिक अंतर शिल्लक राहते आणि ते नियम बदलून मिटत नाही. प्रहार प्रश्न विचारत नाही. हनुवटीवर बसलेला ठोसा ज्याला बसतो त्याची संमती, त्याचा विचार, त्याचे ‘पुरे’ हे सारे एका क्षणात पुसून टाकतो. लढत थांबवण्याचा निर्णय मग त्रयस्थ पंचाचा असतो. आवळलेली मान किंवा पिळलेला हात मात्र प्रश्न विचारतो आणि उत्तरासाठी काही क्षण ठेवतो. हाताने थोपटून हार मान्य करणारा मनुष्य पराभूत असतो, तरी त्या क्षणी कर्ता तोच असतो. एवढ्यावरून मल्लविद्या अहिंसक ठरत नाही, हे खरे. प्रश्न विचारणारी हिंसाही हिंसाच असते, आणि मोडण्याच्या धमकीखाली दिलेले उत्तर कितपत स्वतंत्र, ही शंका रास्त आहे.

१९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानी ज्युदोपटू किमुरा याने हेलिओ ग्रेसीचा हात पिळला, तेव्हा हेलिओने थोपटायला नकार दिला. लढत थांबवावी लागली ती त्याच्या बाजूच्या माणसांना. त्या पेचाला ब्राझीलच्या परंपरेने विजेत्याचेच नाव दिले आणि हेलिओच्या नकाराची आख्यायिका केली. या आख्यायिकेबद्दल मला आदर वाटतो, पण अनुकरणाची इच्छा होत नाही. प्रश्न विचारला गेला असता उत्तर न देणे हे धैर्य असेल. निर्णयाचा भार मात्र त्याने दुसऱ्यावर टाकला.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला आर्ट जिमरसन उभा आहे. डेन्व्हरच्या त्या पहिल्या रात्री हा मुष्टियोद्धा फक्त डाव्या हातात ग्लोव्ह घालून उतरला. ग्रेसीने त्याला खाली घेऊन छातीवर बैठक मांडली, आणि कोणताही पेच पुरा लागण्याआधीच जिमरसनने हार मानली. त्याची वर्षानुवर्षे टिंगल झाली. परंतु ज्या लिपीत आपल्याला एकही अक्षर येत नाही हे ज्याला दोन-अडीच मिनिटांत कळले, आणि कळल्यावर ज्याने ते हजारोंच्या देखत कबूल केले, त्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी स्वतः कधी अनोळखी संहितेपुढे हात टेकले आहेत काय, हे विचारावेसे वाटते. ठोशांच्या लढतीत त्याला हे सांगण्याची संधी बहुधा मिळालीच नसती.